भूक पोटाची आणि भूक मनाची

पहाटेच्या अंधारात बदलापूरच्या फलाटावर उभे राहिले की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात किंवा खांद्यावरच्या पिशवीत जेवणाचा डबा असतो. गाडीच्या वेळेवर नजर ठेवून घरातल्या कोणीतरी तो भरलेला असतो. गाडी सुटते, अंबरनाथला आणखी डबे चढतात, मग उल्हासनगर, मग विठ्ठलवाडी. आणि सुमारे सत्तर किलोमीटरची मजल मारून हे सारे डबे मुंबईत पोहोचतात. दुपारी एकच्या सुमारास ते उघडतात. रात्री माणसे परत आली की घरात पाने मांडली जातात. थोडक्यात, या तीन गावांतील असंख्य घरांच्या जेवणाच्या वेळा स्वयंपाकघरात ठरत नाहीत, त्या रेल्वेच्या वेळापत्रकात ठरतात.

२३ मार्च २०२० पासून ही लोकल बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. करोनाच्या साथीचे ते दिवस तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. तुम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत असाल. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी गाड्या धावू लागल्या, पण इतर प्रवाशांना डब्यात पाऊल ठेवता आले ते १ फेब्रुवारी २०२१ रोजी, आणि तेही ठरावीक वेळांतच. शहरी भागातील आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी. एवढा काळ डबा भरला गेला नाही. मग घरात काय झाले?

कोणी दिवसभर काही ना काही तोंडात टाकू लागले. कोणाची अन्नावरची वासनाच उडाली. कोणाच्या घरी रोज नवे पदार्थ होऊ लागले, तर कोणाच्या घरी पातेल्यात डाळ दिवसागणिक पातळ होत गेली. आणि याच काळात मनेही अस्वस्थ होती. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार, साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य या विकारांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. खाणे बिघडले आणि मनही बिघडले. या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय? आज आपण तोच समजून घेऊ.

शरीरातले वेळापत्रक

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंची जिथे फुली पडते, त्याच्या अगदी वरच्या बाजूस काही हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो शरीराचे मुख्य घड्याळ. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला की हे घड्याळ रोज जुळवून घेतले जाते. पण शरीरात घड्याळ एकच नाही. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांच्या पेशींतही लहान लहान घड्याळे आहेत आणि ती बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळांवर चालतात. पेशींतली ही घड्याळे कशी चालतात याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टाळेबंदीत नेमकी ही घड्याळे एकमेकांपासून सुटली. पहाटेची गाडी नाही, शाळेची घंटा नाही, उन्हात फिरणे नाही. माणसे उशिरा झोपू लागली, उशिरा उठू लागली आणि रात्री बारा वाजता चिवड्याचे डबे उघडू लागले. डोळ्यांना वाटते रात्र, यकृताला वाटते दुपार! उंदरांवरील एक प्रयोग येथे आठवण्यासारखा आहे. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत सच्चिदानंद पांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या दोन गटांना सारखेच स्निग्ध अन्न दिले. एका गटाला ते चोवीस तास उपलब्ध होते, दुसऱ्याला फक्त आठ तास, तेही उंदीर जागे असतात त्या वेळी. दोन्ही गटांनी जवळजवळ सारखेच अन्न खाल्ले. परंतु ठरल्या वेळी खाणारे उंदीर कमी लठ्ठ झाले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तरीही 'काय खाल्ले' याच्या जोडीला 'केव्हा खाल्ले' हा प्रश्नही विचारला पाहिजे, हे त्यातून कळते.

झोपेचेही तसेच. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले. पोट भरल्याची सूचना देणारे लेप्टिन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, १८ टक्क्यांनी घटले. भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. या तरुणांना विशेष ओढ लागली ती गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. रात्री जागणाऱ्या मुलाचा हात वेफरच्या पुडीकडे जातो, तेव्हा 'जिभेवर ताबा नाही' असे म्हणून मोकळे होण्यापूर्वी हा प्रयोग आठवावा.

ताण आला की भूक लागते की मरते?

दोन्ही गोष्टी होतात. त्यात विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे.

समजा, रस्त्यात अचानक कुत्रा अंगावर आला. क्षणात अ‍ॅड्रिनलीन रक्तात मिसळते, हृदय धडधडते, रक्त स्नायूंकडे धावते. त्या वेळी पचनाचे काम शरीर बाजूला ठेवते. मेंदूतून सुटणारे एक रसायनही भूक दाबून टाकते. परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही तो यामुळेच.

पण कुत्रा निघून जातो. साथ निघून जात नव्हती. नोकरी राहील का, आजोबांना ताप कशाने आला, शेजारची इमारत का बंद केली, या विचारांचा ताण महिनोन् महिने टिकला. अशा लांबलेल्या ताणात मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसोल हे संप्रेरक झिरपत राहते. खर्च झालेली ऊर्जा भरून काढा, असा जणू त्याचा निरोप असतो. त्यामुळे भूक वाढते आणि तीही गोड-तेलकट पदार्थांची. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मेरी डॉलमन यांनी २००३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे दाखवले की, साखर आणि चरबी खायला मिळाली की ताणाची यंत्रणा काही अंशी शांत होते. म्हणजे दुःखात भजी खावीशी वाटणे हा निव्वळ चोचलेपणा नाही. शरीराला त्यातून खरोखरच थोडा दिलासा मिळतो. अडचण एवढीच की, दिलासा थोडा वेळ टिकतो आणि ताणाचे कारण जागच्या जागी राहते. मग पुन्हा डबा उघडला जातो.

कोणाची भूक वाढेल आणि कोणाची मरेल हे ताणाचा प्रकार, त्याची मुदत, माणसाची प्रकृती, आधीच्या सवयी आणि घरात काय उपलब्ध आहे, या साऱ्यांवर अवलंबून असते. म्हणून एकाच घरात एक भाऊ जाडजूड होतो आणि दुसरा वाळतो, यात नवल नाही.

खाण्याला आणखी एक बाजू आहे, ती आठवणीची. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव पडले. तेथील वस्त्यांना आजही लोक 'कॅम्प' म्हणतात. घरे, शेते, माणसे मागे राहिली; पण सिंधी कढी, कोकी, दाल पकवान आणि पापड बरोबर आले आणि आजही उल्हासनगरच्या गल्ल्यांत टिकून आहेत. ओळखीच्या चवीत माणसाला आपले घर सापडते. केवळ उष्मांक मोजून अन्नाची किंमत पूर्ण कळत नाही, ती यासाठी.

एकाच गावातली दोन ताटे

आतापर्यंत आपण ज्या घरात डबे भरलेले होते त्या घरांचे बोललो. पण अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणारा मजूर, उल्हासनगरच्या छोट्या कारखान्यात शिलाईचे नगावर पैसे घेणारी बाई, स्टेशनाबाहेर हातगाडी लावणारा माणूस, यांचे काय? काम थांबले की त्यांची मिळकत त्याच दिवशी थांबते. त्यांच्या बाबतीत 'खाण्याच्या सवयी' हा शब्दच अपुरा पडतो. सवय ही निवड करता येणाऱ्याची असते.

सरकारने एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकेवर माणशी दरमहा पाच किलो जादा धान्य मोफत दिले. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी टाळेबंदीत पाच रुपयांना मिळू लागली. याचा मोठा आधार झाला. तरीही ध्यानात घ्या : गहू-तांदळाने पोट भरते, पण दूध, अंडी, पालेभाजी, फळे यांची जागा त्याने भरून निघत नाही. लोह कमी पडले तर थकवा येतो, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. २०१९-२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. म्हणजे साथीचा तडाखा बसला तो आधीच कमी पुंजी असलेल्या शरीरांना.

उपासमारीने मनावर काय परिणाम होतो, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवक तरुणांना २४ आठवडे निम्म्या आहारावर, म्हणजे रोज सुमारे १५७० किलोकॅलरींवर ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, हे अपेक्षितच होते. पण सुदृढ मनाचे म्हणून मुद्दाम निवडलेले हे तरुण उदास झाले, चिडखोर झाले, एकमेकांपासून दूर राहू लागले. त्यांना दिवसरात्र अन्नाचेच विचार येत. कित्येक जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. पुन्हा पोटभर जेवण सुरू झाल्यावरही हे परिणाम लगेच गेले नाहीत.

यातला धडा महत्त्वाचा आहे. मन खचले म्हणून माणूस जेवत नाही, हे जितके खरे, तितकेच जेवायला नाही म्हणून मन खचते, हेही खरे. अशा माणसाला 'मन घट्ट कर' असे सांगण्यापूर्वी त्याच्या घरी चूल पेटली आहे का, हे पाहिले पाहिजे.

चव गेली तेव्हा

करोनाने खाण्यावर थेट घावही घातला. अनेक रुग्णांचा वास घेण्याचा गुण अचानक नाहीसा झाला. नाक बंद नाही, सर्दी नाही, तरी फोडणीचा वास येत नाही! २०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी याचे कारण सुचवले. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी जो दरवाजा लागतो, तो वास ओळखणाऱ्या मज्जापेशींवर जवळजवळ नसतो. तो असतो त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर. आधार ढासळला की मज्जापेशींचे काम बंद पडते. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला तो यामुळेच. काहींच्या बाबतीत मात्र तो वेडावाकडा परतला. कांदा, लसूण, कॉफी यांना कुजका दर्प येऊ लागला.

आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. जीभ गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्या मूळ चवी सांगते. आमटी चिंचेची की आमसुलाची, हे नाक सांगते. वास गेलेल्या माणसाला जेवण म्हणजे कर्तव्य होते. जेवणातला आनंद गेला की दिवसातला एक आनंद गेला, आणि मन उदास होण्यास आणखी एक कारण मिळाले.

आहाराने मन बरे होते काय?

'मनाला आनंद देणारे सेरोटोनिन आतड्यात तयार होते, म्हणून अमुक खा आणि आनंदी राहा,' असे तुम्ही ऐकले असेल. यातला पहिला भाग खरा आहे : शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते. पण ते तिथून मेंदूत जाऊ शकत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्याला अडवतो. मेंदू आपले सेरोटोनिन स्वतः बनवतो. त्यासाठी लागणारे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मात्र डाळी, दूध, अंडी, शेंगदाणे यांतून मिळते आणि तो पडदा पार करते. शिवाय व्हेगस या लांब मज्जेतून आतडे आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची देवघेव चालते. संबंध आहे, पण तो जाहिरातीत सांगतात इतका सरळ नाही.

मग प्रत्यक्ष प्रयोग काय सांगतो? ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने नैराश्याने आजारी असलेल्या ६७ जणांवर एक चाचणी केली. एका गटाला बारा आठवडे आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन मिळाले : भाज्या, फळे, डाळी, कडधान्ये, मासे वाढवा; गोड, तळलेले, पुडीतले कमी करा. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ गप्पागोष्टींची सोबत मिळाली. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : आहाराच्या गटात ३२ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले, सोबतीच्या गटात ८ टक्के लोकांचे. मात्र, ६७ ही संख्या लहान आहे आणि आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होते. तेव्हा, आहार हा उपचाराचा चांगला सोबती आहे, असे म्हणावे; तो उपचाराच्या जागी बसतो, असे म्हणू नये. आणि या आहारासाठी परदेशी फळे आणावी लागत नाहीत. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर ताक हे त्याच जातीचे जेवण आहे.

पाहणी करणाऱ्यांनी काय पाहावे?

तुमच्यापैकी कोणी विज्ञान प्रदर्शनासाठी आपल्या गावातील लोकांच्या आहाराची आणि मनःस्थितीची पाहणी करायचे ठरवले, तर दोन खड्डे टाळावे लागतील.

पहिला खड्डा नमुन्याचा. साथीच्या काळात पुष्कळशा पाहण्या भ्रमणध्वनीवर प्रश्नावली पाठवून झाल्या. ज्याच्याकडे चांगला फोन नाही, त्यात भरायला पैसे नाहीत, वाचायला सवड नाही, तो अशा पाहणीत दिसतच नाही. उत्तरे देणाऱ्यांत 'मी जास्त खाल्ले' म्हणणारे अधिक सापडतात आणि ज्याच्या घरी चूल थंड होती, तो हिशेबातून गळून जातो. जो मोजला गेला नाही, तो नाहीच असे समजणे ही विज्ञानातली मोठी चूक आहे.

दुसरा खड्डा कार्यकारणाचा. उदास माणसे जास्त बिस्किटे खातात असे दिसले, तर बिस्किटांनी उदासी येते, उदासीने बिस्किटे खाल्ली जातात, की रात्रीचे जागरण या दोन्ही गोष्टींना कारण आहे? एकदाच विचारलेल्या प्रश्नावलीने हे ठरत नाही. त्यासाठी तीच माणसे पुन:पुन्हा पाहावी लागतात.

करून पाहा

चौदा दिवस एक वही ठेवा. रोज पाच गोष्टी लिहा : किती वाजता खाल्ले, काय खाल्ले, खाण्यापूर्वी भूक किती होती, शून्य ते पाच, एकट्याने खाल्ले की कोणाबरोबर, आणि आदल्या रात्री किती तास झोप झाली. रात्री निजताना दिवसभराच्या मनःस्थितीला शून्य ते पाच असा अंक द्या. वजन करू नका, उष्मांक मोजू नका. आपल्याला नियमितपणा पाहायचा आहे, शरीराचा आकार नव्हे. पंधराव्या दिवशी वही उलगडा. भूक 'शून्य' असताना किती वेळा खाल्ले? त्या वेळी मनःस्थिती काय होती? कमी झोपेच्या दुसऱ्या दिवशी काय घडले? ही वही तुमची खासगी आहे. वर्गात एकत्र आकडेमोड करायची असेल तर शिक्षकांनी नावे काढून टाकावीत आणि ज्याला भाग घ्यायचा नाही त्याला आग्रह करू नये.

शिक्षकांसाठी आणखी एक सूचना. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा 'केवढा सुटलास!', 'काडी झालीस की!' असे उद्गार सहज निघाले. त्यामागे माया असते. पण किशोरवयात असे शब्द खोल रुततात. साथीच्या काळात अमेरिका, कॅनडा आदी देशांत खाण्याच्या विकारांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढल्याचे आढळले. एखाद्या विद्यार्थ्याचा डबा रोज तसाच परत जात असेल, कोणी मधल्या सुट्टीत सतत एकटा बसत असेल, कोणाचे वजन झपाट्याने घटत असेल, तर त्याला चार लोकांत टोकू नये. बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारावेत : घरी सर्व ठीक आहे ना? आणि झोप लागते ना? गरज वाटल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, आणि विद्यार्थीही स्वतः बोलू शकतात.

पहाटेची लोकल आता पुन्हा भरून जाते. डबेही पूर्वीसारखेच चढतात. पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. पण ती आली तर गाड्या थांबल्या तरी जेवणाची वेळ थांबू द्यायची नाही, रात्री वेळेवर निजायचे, आणि शेजारच्या घरात चूल पेटली की नाही याची चौकशी करायची, एवढे आपल्याला करता येईल. तोवर आजच्या मधल्या सुट्टीत एक करा. शेजारी बसलेल्या मित्राच्या डब्याकडे पाहा. तो उघडला गेला आहे का?